मणक्याच्या दुखापतीनंतर शौचाची वेळ कशी बसली : सिडकोतल्या एका घराचं प्रकरण

रुग्ण ३४ वर्षांचा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची कामं करणारा कारागीर. शेडच्या छपरावर चढलेला असताना सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली फुटला आणि तो खाली काँक्रीटवर आपटला. पाठीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर, डॉक्टर कागदावर डी-८ लिहितात तिथे, मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली. शस्त्रक्रियेत रॉड आणि स्क्रू बसले. हात शाबूत राहिले. फासळ्यांच्या कडेपासून खाली मात्र ना हालचाल, ना स्पर्श. घरात बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आई. घर सिडकोतलं, दोन खोल्यांचं, एकच संडास. ओळख पटेल असे तपशील इथे ठेवलेले नाहीत.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपघातानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. अपघाताला सहा महिने उलटून गेल्यावर मला बोलावलं गेलं ते पलंगावरून व्हीलचेअरवर सरकण्याचा सराव करून घ्यायला. सराव आटोपून निघताना त्याची बायको पायरीपर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, खुर्चीचं होईल नंतर. आधी यांच्या संडासचं काहीतरी करा. मी थकले आता."

या तक्रारीला मी नेहमी पहिला मान देते. मणक्याला मार लागलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "चालता येईल का?" पोटाचं कुणी विचारत नाही. माणूस घरात कोंडला जातो तो मात्र बहुतेक वेळा पोटामुळेच. पाय चालत नसले तरी व्हीलचेअरवरून त्रिमूर्ती चौकातल्या भाजीबाजारात जाता येतं. कपड्यात कधी होईल याचा भरवसा नसेल तर उंबऱ्यापर्यंत यायचीही हिंमत होत नाही. हा माणूस सहा महिन्यांत दवाखान्याशिवाय कुठेही गेला नव्हता.

तेव्हा घरात काय चाललं होतं

शौचाला ठरलेली वेळ नव्हती. घरकामातून सवड मिळाली की बायको त्याला पलंगावर कुशीवर वळवायची, खाली प्लॅस्टिक अंथरायची आणि हातमोजा घालून बोटाने मळ काढायची. कधी दुपारी दोनला, कधी रात्री अकराला. एका वेळेला दीड-दोन तास जायचे आणि तरी पोट मोकळं व्हायचं नाही. पाय एकदम ताठ व्हायचे, थरथरायचे, मधूनच रक्ताचा डाग दिसायचा. एवढं करूनही आठवड्यातून चार-पाच वेळा पातळ, पाण्यासारखं कपड्यात व्हायचं. म्हणून दिवसरात्र डायपर. त्यामुळे माकडहाडावर एक लाल चट्टा उठला होता आणि बोटाने दाबल्यावरही तो पांढरा पडत नव्हता. बेडसोरची, म्हणजे सततच्या दाबाने पडणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी.

औषधांचा डबा मी पलंगावर ओतला. रात्री पोट साफ होण्याचं पातळ औषध चालू होतं. ज्या दिवशी पाण्यासारखं व्हायचं त्या दिवशी मेडिकलमधून आणलेली जुलाब थांबवायची लोपेरामाईडची गोळी. शिवाय दुखण्यासाठी ट्रामाडॉल, लघवीची पिशवी शांत राहावी म्हणून सोलिफेनासिन, आणि शस्त्रक्रियेनंतर सुरू झालेली लोहाची गोळी. या शेवटच्या तिन्ही गोळ्या आतड्याची गती मंदावतात. प्रत्येक गोळी आपापल्या कारणासाठी दिलेली होती. सगळ्या एकत्र समोर ठेवून कुणी पाहिल्याच नव्हत्या.

आणि एक गोष्ट तो दोन-तीन भेटींनंतर बोलला. संध्याकाळचं जेवण त्याने सोडून दिलं होतं. "खाल्लंच नाही तर होणारच नाही ना, ताई." पाणीही तो गोळी गिळण्यापुरतंच प्यायचा, कारण जास्त प्यायलं की कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, जास्त वेळा घालावा लागतो. असं उपाशी राहणं मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी जीव कळवळतो. माणूस आपल्यापरीने घरच्यांचा त्रास कमी करत असतो. पण रिकाम्या आणि कोरड्या आतड्यात मळ पुढे सरकत नाही, दगड होऊन बसतो.

तपासणीत काय निघालं

पुनर्वसन विभागाच्या डॉक्टरांकडे त्याला नेलं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. गुदद्वाराशेजारच्या त्वचेला हलका स्पर्श करून पाहिलं, तर तिथला स्नायू लगेच आकसला. आणि पोटाचा एक्स-रे काढला. मोठं आतडं डाव्या बाजूने खालपर्यंत मळाने ठासून भरलेलं दिसलं.

एक्स-रे पाहून बायकोला धक्काच बसला. "एवढे जुलाब होतात, मग आत एवढं कसं?" याचं उत्तर प्रत्येक घराला माहीत असायला हवं. पन्हाळीत पालापाचोळा अडकला की पाणी त्याच्या कडेने ठिबकत राहतं, तसंच इथे होत होतं. घट्ट गोळा जागेवरच, आणि वरचा पातळ मळ त्याच्या बाजूने झिरपून बाहेर. दिसायला जुलाब, मुळात बद्धकोष्ठ. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की गोळा आणखी घट्ट होतो. मणक्याच्या रुग्णाला अचानक पातळ होऊ लागलं, विशेषतः आधी काही दिवस नीट झालेलं नसताना, तर ती गोळी देण्याआधी डॉक्टरांनी पोट आणि गुदाशय तपासलेच पाहिजेत.

त्या आकसलेल्या स्नायूने पुढच्या उपचाराची दिशा ठरवली. शौचावर ताबा ठेवणारा मज्जारज्जूचा भाग त्याच्या अगदी खालच्या टोकाला असतो, एस-२ ते एस-४ या पातळ्यांवर. इजा त्याच्या वर असेल तर मेंदूपर्यंत निरोप जात नाही आणि मेंदूचा हुकूम खाली येत नाही; पण खालचा भाग जिवंत असतो आणि आपल्यापुरती प्रतिक्षिप्त क्रिया चालू ठेवतो. गुदाशय ताणला किंवा त्याच्या भिंतीला आतून हलकं चेतवलं, की तो स्वतः आकुंचन पावतो आणि द्वार सैल पडतं. डी-८ची इजा या प्रकारात येते. इजा थेट त्या टोकाला किंवा त्याखालच्या नसांच्या जुडग्याला असेल, साधारण कमरेच्या पहिल्या मणक्याशी किंवा त्याखाली, तर ही क्रियाच उरत नाही. द्वार सैल राहतं, चेतवून उपयोग होत नाही, आणि तिथे रोज, कधी दिवसातून दोनदा, बोटाने मळ काढणं हाच मार्ग असतो. मळही तिथे थोडा घट्टच ठेवावा लागतो, नाहीतर गळतो. दोन प्रकारांची रीत वेगळी, म्हणून शेजारच्या रुग्णाला लागू पडलेली पद्धत आपल्याकडे उचलून आणू नये.

मग त्याला दवाखान्यात बोटाने काढायची पद्धत का शिकवली होती? कारण तेव्हा तीच योग्य होती. इजेनंतर सुरुवातीचे काही आठवडे मज्जारज्जू धक्क्यात असतो, इजेच्या खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडलेल्या असतात. त्या काळात दुसरा इलाज नसतो. पुढे क्रिया परत येते. याचीही आली होती, पण घरात रीत जुनीच राहिली, कारण पुन्हा तपासून घ्यायचं असतं हे या कुटुंबाला ठाऊकच नव्हतं. क्रिया जागी झालेली असताना बोटाने ओढून काढत राहिलं की द्वार उलट घट्ट मिटतं, पाय ताठतात, आतलं नाजूक अस्तर खरचटतं. बायको महिनोन्‌महिने जिवापाड मेहनत करत होती आणि त्या मेहनतीला शरीर विरोध करत होतं. हे तिला समजावून सांगितलं तेव्हा ती रडली. मग म्हणाली, "म्हणजे माझं चुकत नव्हतं." नव्हतंच.

आधी पोट मोकळं करणं

वेळापत्रक बसवण्याआधी साठलेलं काढावं लागतं. डॉक्टरांनी उलट्या नाहीत, वारा सरतो आहे, पोट दगडासारखं फुगलेलं नाही, एवढं पाहून घेतलं. आतड्याला अडथळा असताना वरून जोराचं रेचक देणं धोक्याचं असतं. मग आधी खालचे घट्ट गोळे भूल देणारी लिग्नोकेन जेली लावून हलक्या हाताने काढले आणि त्यानंतर पाण्यात मिसळून प्यायची मॅक्रोगोलची पावडर काही दिवस दिली. लोपेरामाईड बंद. ट्रामाडॉल हळूहळू कमी करून दुखण्याचं औषध बदललं. हिमोग्लोबिन तपासलं, चांगलं होतं, लोहाची गोळी थांबली. लघवीचं औषध ठेवलं. ते काढलं असतं तर लघवीचा प्रश्न उभा राहिला असता.

ते दिवस कठीण गेले. चादरी, वास, मुलांना मामाकडे पाठवणं. हे होणार हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून कुणी खचलं नाही.

घराचं घड्याळ

पाठ्यपुस्तकात सकाळची वेळ सुचवलेली असते. कारण साधं आहे. पोटात अन्न किंवा गरम पेय गेलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, आणि दिवसातल्या पहिल्या खाण्यानंतर ही हालचाल सर्वांत जोरदार असते. पण या घरातली सकाळ कशी असते ते मी विचारलं. सकाळी नळाला पाणी येतं, तेव्हा बायको हंडे-बादल्यांत गुंतलेली. त्यातच मुलांचे डबे, आईची आंघोळ आणि पूजा, संडासापुढे रांग. त्या गर्दीत एका माणसाला तासभर संडास अडवून बसायला सांगणं म्हणजे आठवडाभरात बंद पडणारी योजना आखणं.

रात्रीचे साडेआठ ते साडेनऊ मात्र शांत असायचे. मुलं शेजारी अभ्यासाला जायची. आतड्याची हालचाल कोणत्याही भरपेट जेवणानंतर होते, फक्त सकाळी होते असं नाही. तेव्हा ठरलं ते असं : रात्री आठला गरम जेवण, सोबत कोमट पाणी, साधारण अर्ध्या तासाने खुर्चीवर. सोडून दिलेलं जेवण औषध म्हणून परत ताटात आलं. त्याच्या आईला ही गोष्ट सगळ्यात जास्त पटली. मुलगा रात्री जेवत नाही म्हणून ती स्वतःही अर्धपोटी उठायची.

रेचकाची वेळही याच घड्याळाला जुळवली. सेन्नाच्या गोळीचा परिणाम साधारण ८ ते १२ तासांनी दिसतो. आधीचं औषध रात्री झोपताना घेतल्यामुळे सगळा जोर दुसऱ्या दिवशी सकाळी, नेमका व्यायामाच्या वेळी यायचा. आता डॉक्टरांना विचारून सेन्ना सकाळी अकराच्या सुमारास सुरू केली. पाणी दिवसाला दोन लिटरच्या आसपास, बहुतेक संध्याकाळपर्यंत संपवायचं, आणि कॅथेटर दर चार-पाच तासांनी, एका वेळेला ५००च्या आत, शक्यतो ४०० मिलिलिटर निघेल अशा बेताने. लघवीचं वेळापत्रक आणि शौचाचं वेळापत्रक एकाच कागदावर लिहावं लागतं. एकाने पाणी तोडलं की दुसरं कोसळतं.

खुर्ची

संडासाचं दार जेमतेम दोन फुटांचं, आत भारतीय पद्धतीचं भांडं. बाजारातली कमोड खुर्ची आणून पाहिली. बैठक कडक प्लॅस्टिकची, भोक गोल आणि चारही बाजूंनी बंद. ज्याला खालचं काहीच जाणवत नाही त्याला अशा बैठकीवर पाऊण तास बसवणं म्हणजे बेडसोरला आमंत्रण. आणि बंद भोकातून स्वतःचा हात आत घालायला जागाच नाही.

त्याच्या कारखान्यातले दोघे मित्र त्याला भेटायला यायचे आणि नुसते बसून राहायचे, काय बोलावं ते न सुचून. त्यांच्यासमोर मी कागदावर खुर्ची काढली. दोन दिवसांत ते मापं घ्यायला आले. स्टेनलेस स्टीलचा पाइप, दारातून जाईल एवढी रुंदी, चार चाकं, त्यातल्या दोनांना ब्रेक, एका बाजूचा हात निघणारा, पाय ठेवायला पट्टी, आणि बैठकीला पुढून उघडी खाच. बैठकीवर जाड फोम, वर रेक्झिन, शिवण सगळी खालच्या बाजूला.

खुर्ची आली तेव्हा त्याने ती ताब्यात घेतली आणि तपासायला सुरुवात केली. कापसाचा बोळा घेऊन पाइपच्या प्रत्येक जोडावरून, बैठकीच्या कडेवरून, खाचेच्या आतल्या बाजूने फिरवला. जिथे कापसाचा एकेक धागा अडकला तिथे खडूने खूण केली. "इथं ग्राइंडर मार. इथं पण. मला टोचलेलं कळणार नाही, रक्त आल्यावरच कळेल." पडल्यापासून त्याने कामाच्या माणसाच्या आवाजात बोललेलं घरच्यांनी पहिल्यांदा ऐकलं. खुर्ची परत गेली, घासून आली, बोळा पुन्हा फिरला. आजही माझ्या इतर रुग्णांच्या खुर्च्या मी तशाच कापसाने तपासते.

बसण्याचा फायदा मोठा आहे. आडवं पडून जे होत नाही ते बसल्यावर वजनाने खाली येतं. पण बसण्याला मर्यादा हवी. एका तासाच्या आत आटपायचं, आणि दर पंधरा मिनिटांनी पुढे वाकून नितंबांवरचा दाब मोकळा करायचा. ज्या दिवशी माकडहाडाचा चट्टा लाल दिसेल त्या दिवशी खुर्ची नाही, पलंगावर डाव्या कुशीवर. सुरुवातीचे काही दिवस चट्टा जाईपर्यंत तसंच केलं. डायपर दिवसा बंद झाल्यावर चट्टा हळूहळू गेला.

हात कोणाचा

या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग तंत्राचा नव्हता. त्याचे दोन्ही हात वेल्डिंगच्या कामात तयार झालेले, बोटांत ताकद, नजर नेमकी. शौचाची क्रिया तो स्वतः करू शकणार होता. पण विषय काढला की तो भिंतीकडे तोंड करायचा. आई म्हणायची, "बायको आहे ना करायला." बायको गप्प.

मी तिघांना एकत्र बसवलं नाही. त्याच्याशी एकट्याशी बोलले. त्याला किळस येत होती हे त्याने सांगितलं. त्याहून जास्त भीती होती की जाणवत नसलेल्या ठिकाणी आपलं बोट काय इजा करेल. किळस कुणालाही येईल, ती लपवायचं कारण नाही. भीतीचं उत्तर शिकण्यात होतं. आणि बायकोनेही एका संध्याकाळी त्याला सांगून टाकलं, "अहो, मी सगळं करीन. पण मला तुमची बायको राहू द्या." त्यावर तो खूप वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नखं कापून घेतली.

क्रिया अशी शिकवली. नखं कापलेली, अंगठी काढलेली. हातमोजा आणि भरपूर जेली. पोटावर आधी पाचेक मिनिटं मालीश : बेंबीच्या उजवीकडे खालून वर, मग आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली, मोठं आतडं ज्या वाटेने जातं त्याच वाटेने. नंतर खालच्या टोकाशी मळ असेल तर तो हलक्याने काढायचा आणि बिसाकोडिल या रेचकाची १० मिलिग्रॅमची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची विरघळणारी गोळी, आत सरकवायची. सपोझिटरी आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे. मळात रुतली तर ती तशीच पडून राहते आणि बाहेर येते. सुरुवातीला त्याच्याकडून हेच होत होतं, म्हणून तास तास थांबावं लागायचं.

सपोझिटरीला वीसेक मिनिटं वेळ दिल्यावर बोटाने चेतवणं. बोट दोन-तीन सेंटिमीटर आत, द्वाराच्या दिशेने न ओढता भिंतीला हलकं टेकवून गोल फिरवायचं, १५ ते २० सेकंद, फार तर मिनिटभर. भिंत सैल झाल्याचं, वारा सरल्याचं किंवा मळ खाली आल्याचं बोटाला कळतं. त्याला खालचं काहीच जाणवत नव्हतं, पण बोटाला जाणवत होतं, आणि हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा भीती निम्मी गेली. मग बोट काढून पाच ते दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चेतवायचं. सलग दोनदा चेतवूनही काही आलं नाही, किंवा नुसता चिकट श्लेष्मा आला, आणि बोटाभोवती द्वार मिटलेलं लागलं की काम संपलं. पोट मोकळं झालं की नाही हे अंदाजाने ठरवत बसायचं नाही. कुंथायचंही नाही, त्याने मूळव्याध होते, मळ येत नाही.

आठ-दहा वेळा बायको दाराबाहेर हाकेच्या अंतरावर बसली. मग तीही मुलांच्या अभ्यासाकडे गेली.

वही

शंभर पानी वही, आखून दिलेली : बसलो किती वाजता, उठलो किती वाजता, मळ कसा, कपड्यात झालं का, दिवसभरात वेगळं काय खाल्लं. मळाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल मापनाचा तक्ता चिकटवून दिला. त्यात १ म्हणजे लेंड्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. त्याच्या प्रकारच्या इजेत आपल्याला ४ हवा, मऊ आणि आकार धरलेला.

एक नियम मी फार ठामपणे पाळायला लावते. एका वेळी एकच बदल, आणि त्या बदलाला निदान तीन ते पाच फेऱ्या. आज सपोझिटरी बदलली, उद्या इसबगोल वाढवलं, परवा सेन्ना दोन केल्या, तर कशाने काय झालं हे कुणालाच कळत नाही. घरच्यांची घाई समजते, पण इथे घाईने महिने वाया जातात. तो मापात काम करणारा माणूस, त्याला हे लगेच पटलं.

वहीमुळे काही गोष्टी उघड झाल्या. इसबगोल शेजारच्यांच्या सांगण्यावरून आधीच सुरू होतं, पण पाणी कमी असताना त्याने मळ फुगून आणखी अडकत होता. ते काही काळ बंद केलं. भाकरी नागलीची किंवा बाजरीची, एक पालेभाजी, एक फळ, एवढ्यावर मळ ४च्या आसपास राहू लागला. मणक्याच्या दुखापतीत चोथा भरमसाट वाढवून फायदा होतोच असं नाही, मंद आतड्यात त्याने कोंडीही होते. दर संकष्टीला उपासाची साबुदाणा खिचडी खाल्ली की पुढची फेरी कोरडी आणि लांब जायची. आईने उपासाला राजगिरा आणि ताक करायला सुरुवात केली. फेब्रुवारीत दिंडोरीच्या मावसभावाने द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीतच कपड्यात झालं. वहीत त्याने लिहिलं, "द्राक्षं. अर्धी पेटी." पुढे मूठभर द्राक्षं जेवणानंतर खाल्ली, काही झालं नाही. रविवारच्या मिसळीचंही त्याने स्वतःच ठरवलं : खायची, पण तर्री नाही.

पहिले तीन आठवडे रोज केलं. मळ स्थिर झाल्यावर एक दिवसाआड. त्याहून लांब, दोन-दोन दिवसांची सुट्टी घेऊ देत नाही, आठवड्यातून निदान तीनदा व्हायलाच हवं. पुढे बसण्याचा वेळ पन्नास मिनिटांच्या आत आला. आठवड्यातल्या चार-पाच वेळांवरून कपड्यात होणं महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आलं, आणि त्या एखाद-दुसऱ्यामागचं कारण बहुतेकदा वहीत सापडायचं.

मध्ये एकदा सगळं विस्कटलं. लघवीत जंतुसंसर्ग झाला, प्रतिजैविकं सुरू झाली आणि खरे जुलाब लागले. घरात लगेच जुन्या लोपेरामाईडच्या पाकिटाची शोधाशोध. त्याने फोन केला, आम्ही डॉक्टरांना विचारलं. गुदाशय रिकामा आहे हे पाहून सेन्ना थांबवली आणि वेळेला खुर्चीवर बसणं मात्र चालू ठेवलं. औषधं संपल्यावर आठवडाभरात घडी परत बसली. वेळ न मोडल्यामुळेच ती एवढ्या लवकर बसली, असं माझं मत आहे.

उन्हाळ्यातली एक साधी अडचण : एप्रिलमध्ये सपोझिटऱ्या वेष्टनातच मऊ पडू लागल्या. घरी फ्रिज होता म्हणून निभावलं. नसेल तिथे वेष्टनासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माठातल्या गार पाण्यात थोडा वेळ धरली तरी घट्ट होते.

डी-६ किंवा त्यावरची इजा असेल तर

या रुग्णाची इजा डी-८ची, म्हणून पुढचा धोका त्याला कमी. पण हे वाचणाऱ्यांत मानेला किंवा छातीच्या वरच्या भागाला इजा झालेले असतील, त्यांच्यासाठी हे सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. डी-६ आणि त्यावरच्या इजेत मळ साठल्याने किंवा बोटाने चेतवल्यानेसुद्धा रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागात घाम फुटतो. अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११०च असू शकतो, त्यामुळे १४० हा आकडा इतरांना साधा वाटला तरी त्याच्यासाठी धोक्याचा असतो. लगेच क्रिया थांबवायची, माणसाला बसतं करायचं, पाय खाली सोडायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे, मूत्राशय भरलं आहे का, कॅथेटर मुडपला आहे का ते पाहायचं. मळाकडे त्यानंतर, लिग्नोकेन जेली लावून, काही मिनिटं थांबून. काही मिनिटांत उतार पडला नाही तर दवाखाना गाठायचा आणि तिथे इजेची पातळी आधी सांगायची. असे रुग्ण घरी क्रिया सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हे सगळं शिकून घेतात, रक्तदाबाचं यंत्र जवळ ठेवतात.

सध्या

तो आता कारखान्याच्या ऑफिसात बसून कामाचे अंदाजपत्रक काढतो, अर्धा दिवस. ऑफिसातल्या संडासात व्हीलचेअर जात नाही, पण रात्रीची वेळ पक्की असल्याने दिवसा गरज पडत नाही. बॅगेत हातमोजे, जेली, एक जोडी कपडे आणि ओले रुमाल असतात.

प्रवासाचं कोडं अजून सुटलेलं नाही. मेहुण्याचं लग्न जळगावला आहे, दोन रात्रींचा मुक्काम. खुर्चीचे पाय मित्रांनी आता निघणारे करून दिलेत, म्हणजे ती गाडीच्या डिकीत मावते. जायच्या आदल्या रात्रीची फेरी पूर्ण करायची, पोहोचल्याच्या दुसऱ्या रात्री तिकडे करायची, आणि हॉलवरच्या पंगतीऐवजी रात्रीचं जेवण खोलीवर आठलाच घ्यायचं, असा बेत आहे. मंगल कार्यालयातल्या संडासाच्या दाराची रुंदी मोजून कळवायला त्याने मेहुण्याला सांगितलं आहे.

सपोझिटरीऐवजी पाण्याने गुदाशय धुण्याची जी साधनं मिळतात त्यांबद्दलही त्याने विचारलं. काही रुग्णांना त्यांचा चांगला उपयोग होतो, पण खर्च मोठा आहे आणि आतड्याला इजा होण्याचा थोडा धोकाही असतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच शिकावी लागतात. चालू पद्धतीने काम भागत असताना त्याकडे वळायची गरज मला वाटत नाही, आणि त्यालाही वाटली नाही. त्याआधी नुसत्या बोटाने चेतवून सपोझिटरीशिवाय भागतं का, हे लग्नाहून परतल्यावर पाच फेऱ्यांत पाहायचं ठरलं आहे. वहीचं त्यासाठीचं पान त्याने आधीच आखून ठेवलं आहे.